सावलीची बाजू

डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळी मी बाल्कनीच्या फरशीवर बर्फाच्या पिशव्या रिकाम्या केल्या आणि कुत्र्याला म्हटलं, चल. तो दारातच थांबून आधी बर्फाकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिला. बर्फ खालच्या ग्रोसरीतून आणला होता. तिथल्या मलबारी माणसाने पार्टी आहे का विचारलं आणि मी हो म्हटलं. खरं सांगायला फार बोलावं लागलं असतं.

खरं असं होतं की कुत्रा कॅनडाला चालला होता आणि त्याने आयुष्यात बर्फ पाहिला नव्हता. मी पाहिला होता तो फ्रीजरमधला, आणि मॉलमध्ये काचेच्या पलीकडचा, जिथे लोक भाड्याचे जाड कोट घालून घसरत जातात. एवढ्या माहितीवर मी त्याला बर्फात चालायला शिकवत होते.

त्या हिवाळ्यात आमचं दुबईतलं, अल बर्शातलं घर बंद होत होतं. बाबा अबू धाबीच्याही पलीकडे, रुवैसच्या रिफायनरीत होते. माझ्या लहानपणभर ते आठवड्याच्या शेवटी बसने घरी यायचे आणि बाकीचे दिवस तिकडेच राहायचे. आता नोकरी संपली, म्हणजे व्हिसा संपला, म्हणजे इथलं राहणं संपलं. आमच्याकडे हे असंच होतं, त्यावर कुणी भाषण करत नाही. बाबा एवढंच म्हणाले, "खलास," आणि टेप घेऊन कपाटांची मापं काढायला लागले.

आईबाबा नाशिकला चालले होते, काकांच्या घराच्या वरच्या मजल्यावर. काकूला लहानपणी कुत्रा चावला होता, त्यामुळे तिथे प्रश्नच नव्हता. माझी नोकरी अबू धाबीत होती. अल रीम आयलंडवर दोन मुलींबरोबर शेअरिंगमध्ये मला खोली मिळाली होती, आणि करारात पाळीव प्राण्यांना मनाई होती. उरली ताई. ती लग्नानंतर टोरंटोजवळच्या एका गावात राहायला गेली होती आणि तिला पाचवा महिना चालू होता. ती म्हणाली, पाठवा त्याला इकडे, पोटातल्याला सोबत होईल.

"कुत्र्याला कॅनडा आणि मला नाशिक," बाबा म्हणाले. "पुढच्या जन्मी मी भुंकायला शिकणार."

जिजूंनी मात्र एक गोष्ट आधीच सांगून ठेवली. माणूस चांगला आहे, आवाज चढवत नाही, म्हणून त्यांनी म्हटलेलं जास्त लक्षात राहतं. ते म्हणाले, एक हिवाळा बघू. ही रोज सकाळी त्याला घेऊन चालणार, तिकडे रस्ते निसरडे असतात. त्याने हिला ओढून पाडलं तर मी त्याला दुसरं चांगलं घर बघीन. आई म्हणाली, बरोबर आहे त्यांचं. मीही मान हलवली. फोनवर मान हलवलेली दिसत नाही, पण मी तशीच बोलते.

तेव्हापासून माझ्याकडे एकच काम होतं. ताईकडे जाईपर्यंत त्याला असं तयार करायचं की तो तिच्याकडेच राहील. दुसऱ्या घरी गेला असता तर मला तो पुन्हा दिसण्याचं काही कारण उरलं नसतं. परक्या माणसाला कुणी कुत्र्याचे फोटो किती दिवस पाठवेल?

त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. ते हाक मारायला होतं. तो उंच, बारीक, वाळूच्या रंगाचा, आखूड केसांचा. आईला तो बिल्डिंगमागच्या रेताड पार्किंगमध्ये सापडला होता, जुलैच्या दुपारी, एका गाडीखाली. गाडीवाला आला, गाडी काढून घेऊन गेला, तसं पिल्लू उठून शेजारच्या गाडीखाली गेलं. मग ती गाडीही निघाली. आई हे सगळं खिडकीतून बघत होती. तिसऱ्या गाडीखालून तिने त्याला बाहेर काढलं.

म्हणून त्याने शिकलेला पहिला शब्द म्हणजे सावली. बस, थांब हे नंतर आलं. मे महिन्यापासून आम्ही त्याला बाहेर काढायच्या आधी हाताची मागची बाजू फूटपाथवर टेकवून बघायचो. हाताला सोसलं नाही तर त्याच्या पायांनाही सोसणार नाही. सोसलं तरी चालायचं ते सावलीतून. सर्व्हिस लिफ्टने खाली यायचं, बिल्डिंगच्या सावलीला धरून कोपऱ्यापर्यंत, तिथून बस स्टॉपची सावली, तिथून झाडांची रांग. मध्ये उन्हाचा तुकडा आला की आई म्हणायची, "सावली," आणि तो थांबून पलीकडची सावली नजरेने शोधायचा आणि मग तुरुतुरु धावत तिथे पोचायचा. पुढे पुढे शब्दाची गरज राहिली नाही. जानेवारीतल्या थंड सकाळीही तो तसाच चालायचा. आम्हीही तसेच चालायचो. इथे सगळेच तसे चालतात. सिग्नलला थांबलेली माणसंसुद्धा दिव्याच्या खांबाच्या सावलीत एकामागे एक उभी असतात.

ताई तिकडच्या सूचना पाठवत होती. आम्ही दोघी एकमेकींशी इंग्रजीतच बोलतो, शाळेपासूनची सवय. कुत्र्याशी मराठीत, कारण त्याला आईने शिकवलं. ताईचं म्हणणं होतं, बर्फ वितळावा म्हणून तिकडे फूटपाथवर मीठ टाकतात. ते मीठ पंजांना झोंबतं आणि कुत्रे पाय चाटतात तेव्हा पोटात जातं. त्यामुळे बूट हवेत, आणि घरी आल्यावर पाय कोमट पाण्याने धुवायला हवेत. बोटांच्या मधे बर्फाचे खडे अडकतात, ते ओढायचे नाहीत, विरघळू द्यायचे. पट्टा आखूड धरायचा आणि मनगटाला कधी गुंडाळायचा नाही, म्हणजे कुत्रा घसरला तर माणूस त्याच्यामागे जात नाही. गोठलेल्या तळ्यावर पाय ठेवायचा नाही, वरून कितीही घट्ट दिसलं तरी. साडेचार-पाचला अंधार पडतो, म्हणून कोटावर चमकणारी पट्टी हवी. पाय उचलून धरायला लागला किंवा कुडकुडला की लगेच मागे फिरायचं.

मी हे सगळं एकेक करून घेतलं. बूट घातल्यावर पहिल्या दिवशी तो हॉलमध्ये घोड्यासारखे पाय उचलत चालला आणि आई हसली. त्या महिन्यात ती हसलेली मला तेवढीच आठवते. कोट घातल्यावर तो एका जागी पुतळ्यासारखा उभा राहिला, अर्धा तास तरी. बाबा पेपरमधून डोकं वर काढून म्हणाले, "साहेब तयार आहेत, गाडी बोलवा." रोज फिरून आल्यावर मी बादलीत कोमट पाणी घेऊन त्याचा एकेक पाय त्यात बुडवायचे, बोटांच्या मधून फडकं फिरवायचे. आधी तो पाय आखडून घ्यायचा. नंतर स्वतःच पुढचा उजवा पाय वर करायला लागला.

आणि तो बाल्कनीतला बर्फ. तो त्यावर चढला, एक खडा तोंडात घेतला, कुडुमकुडुम खाल्ला. बूट न घालता दोन-चार पावलं चालला. फरशीवर पाणी झालं. मी ते पुसून काढलं. मला वाटलं, सगळं शिकवून झालं.

त्याला न्यायला एजन्सीची व्हॅन आली. दोन फिलिपिनो माणसं होती, त्याच्याशी फार गोड बोलत होती. पिंजऱ्यात मी माझा एक जुना टी-शर्ट टाकला. पंजाब्यासारखी मोठी मिशी असलेला आमचा वॉचमन सलाम करून म्हणाला, "जाओ हबीबी, गोरा बनके आना." व्हॅन गेली. मी लिफ्टने वर आले आणि बर्फाचा ट्रे पाण्याने भरून फ्रीजरमध्ये ठेवला. तो कशासाठी ठेवला, मला माहीत नाही. दोन आठवड्यांनी आईबाबा गेले. विमानतळावर आई रडली, बाबा नाक शिंकरत पासपोर्ट तपासत राहिले. मी त्यांच्या बॅगांचं वजन बरोबर आहे ना एवढं बघत होते. मग मी अबू धाबीची बस पकडली. बसमध्ये मला फक्त एसीची थंडी जाणवत होती. मी आतून कुठे काही दुखतंय का ते शोधलं. सापडलं नाही.

अल रीमला माझी खोली एकविसाव्या मजल्यावर आहे. खालून पाण्याच्या कडेने चालायचा रस्ता जातो. ऑफिसमधून आल्यावर मी तिथे चालायचे. उजवा हात थोडा पुढे यायचा, पट्टा धरल्यासारखा. मी तो खिशात घालायला लागले.

जानेवारीच्या मध्यावर ताई पडली.

तिने आधी मेसेज केला, घाबरू नकोस, आणि मग फोन. सकाळी कुत्र्याला घेऊन चालली होती, कोपऱ्याजवळ त्याने एकदम ओढलं आणि ती कुशीवर पडली. डॉक्टरांनी तपासलं. बाळ ठीक होतं. कंबरेवर मोठा काळानिळा डाग होता. ताई म्हणाली, तो असं नेहमी करत नाही गं, पण करतो तेव्हा एकदम करतो, मला कळतच नाही कशाला घाबरला. बूट घातले होते? हो. पट्टा आखूड होता? हो. मनगटाला गुंडाळला नव्हता म्हणून तर हातातून सुटला आणि ती त्याच्यामागे फरपटली नाही.

मग जिजूंनी फोन घेतला.

"हे बघ, राग मानू नकोस," ते म्हणाले. "गुणी आहे तो, मला कळतं. पण ही परत पडलेली मला चालणार नाही." त्यांच्या ऑफिसातल्या एकाचं गावाबाहेर घर होतं, मोठं अंगण. त्याच्याशी त्यांचं बोलणं झालं होतं. तो पुढच्या आठवड्यात न्यायला तयार होता.

मी म्हटलं, "ओके, जिजू."

आणखी काहीतरी म्हणायला हवं होतं हे मला कळत होतं. शब्दही डोक्यात होते, पण ते पाण्याखाली ठेवलेल्या वस्तूंसारखे होते, दिसणारे आणि लांबचे. शेवटी मी एवढंच विचारलं, तो चालतो तेव्हाचा एक व्हिडिओ पाठवाल का. त्यांना वाटलं असेल, हिला आठवण म्हणून हवाय. ते म्हणाले, नक्की पाठवतो.

दुसऱ्या संध्याकाळी व्हिडिओ आला. त्यांची सकाळ असावी. मी ऑफिसमधून आलेच होते, बूटही काढले नव्हते. रस्ता रुंद होता, दोन्ही बाजूंना बुटकी घरं, कडेला बर्फाचे ढीग. जिजू एका फूटपाथवरून चालत पलीकडच्या फूटपाथचं शूटिंग करत होते. पलीकडे कुत्रा, पट्टा एका शेजारणीच्या हातात. ताईने अजून पट्टा धरायचा नाही असं ठरलं होतं. त्यांच्यामागून ताई, एक हात कंबरेवर, जपून पावलं टाकत. त्यांच्या पायाखाली काचेसारखं चकाकत होतं. जिजूंच्या पायाखाली मात्र फूटपाथ कोरडा होता, करडा, उन्हात. मध्येच त्यांचा आवाज येतो, "अगं इकडून या ना, इकडे कोरडं आहे." ताई हात हलवते आणि आहे त्याच बाजूने चालत राहते.

मग दोन घरांमधली फट येते. तिथून उन्हाचा पट्टा फूटपाथवर पडलेला. कुत्रा त्याच्या कडेला थांबतो, पलीकडे बघतो, आणि तुरुतुरु धावत तो पट्टा ओलांडून पुढच्या घराच्या सावलीत जातो. शेजारीण हेलपाटते, सावरते.

मी तो भाग पुन्हा लावला. कुत्रा कशालाच घाबरला नव्हता. तो बस स्टॉपची सावली ते झाडांची सावली करत होता, दुबईतल्यासारखी.

ज्या बाजूला हिवाळाभर घरांची सावली असते, त्या बाजूला बर्फ जात नाही. तो दिवसा थोडा वितळतो आणि रात्री पुन्हा गोठतो, मीठ टाकलं तरी. हे मला नंतर जिजूंनी सांगितलं, पण व्हिडिओत ते दिसतच होतं. आम्ही त्याच्या पायांची, पोटाची, पट्ट्याची काळजी घेतली होती. रस्त्याची बाजू कुणाच्या डोक्यात आली नाही. आम्हाला ती बाजू वाटतच नव्हती. चालणं म्हणजेच ते होतं.

मी ताईला फोन लावला. ती इंग्रजीत हॅलो म्हणाली आणि मी का कोण जाणे मराठीत बोलले.

"ताई, तू सावलीतून चालतेयस."

"कुठे?"

"व्हिडिओत. तू आणि तो. जिजू उन्हात आहेत."

तिच्या मागे भांड्यांचा आवाज येत होता. मग तिनेही बहुतेक व्हिडिओ उघडला, कारण जिजूंचा आवाज ऐकू आला, इकडे कोरडं आहे, इकडे कोरडं आहे.

"अगं बाई," ताई म्हणाली. अगदी आईसारखी. "मला वाटलं हे उगाच मागे लागतात."

जिजू साताऱ्याचे. थंडीत सकाळी अंगणात भिंतीला टेकून ऊन खायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आमचं म्हणणं ऐकून ते म्हणाले, "म्हणजे कुत्र्यात खोट नाही. तुम्ही दोघी बहिणीच दुबईच्या." मी हसले की नाही ते आठवत नाही. त्यांनी ऑफिसातल्या माणसाला थांबायला सांगितलं. म्हणाले, महिनाअखेरपर्यंत बघू. पट्टा मी धरीन, शिकवा त्याला ऊन खायला.

ऊन हाच शब्द ठरला. तूप लावलेल्या चपातीचे तुकडे जिजूंच्या कोटाच्या खिशात. घराबाहेर पडल्या पडल्या रस्ता ओलांडून उन्हाच्या बाजूला जायचं, ऊन म्हणायचं, तुकडा द्यायचा. सावली दिसली आणि तो तिकडे वळला की ओढायचं नाही, थांबायचं, तो परत वळला की ऊन म्हणायचं. मी हे ताईला लिहून कळवत होते. मला लिहिणं सोपं जातं.

पहिल्या सकाळी ताई म्हणाली, तू बोल ना त्याच्याशी, तुझं ऐकेल. तिने व्हिडिओ कॉल लावून फोन त्याच्याजवळ धरला. मी म्हटलं, "ऊन." कान टवकारले. त्याने फोनकडे पाहिलं नाही. त्याने मागे रस्त्याकडे पाहिलं, मग पार्क केलेल्या गाडीखाली वाकून पाहिलं, मग दुसऱ्या गाडीखाली. आणि मग तो फूटपाथवर बसला. जिजूंनी चपाती दाखवली, ताईने हाक मारली, तो हलला नाही. थंडी फार होती, त्याने एक पाय वर धरला. त्याला उचलून घरी न्यावं लागलं.

त्यानंतर मी माईक बंद ठेवायला लागले. कॉल चालू असायचा, मी बघायचे, काही सांगायचं असलं तर ताईला मेसेज करायचे. डावीकडची सावली बघ. आता थांब. आता म्हण. ताईचा आवाज सुरुवातीला विचारल्यासारखा यायचा, ऊन? नंतर तो सरळ झाला. मी अल रीमच्या पाण्याकाठी बाकावर बसून हे बघायचे. माणसं धावत जायची, मुलांच्या सायकली जायच्या. अबू धाबीची हवा त्या दिवसांत इतकी चांगली असते की लोक ऊन असेपर्यंत थांबतात. मी बसायचे तो बाक एका उंच बिल्डिंगच्या सावलीत होता.

महिना संपत आला तेव्हा जिजूंनी पट्टा पहिल्यांदा ताईच्या हातात दिला. मला आधी सांगितलं नव्हतं. कॉल लावला तेव्हा पट्टा तिच्या हातात दिसला, आखूड धरलेला, मनगट मोकळं. फोन जिजूंकडे होता, ते मागून चालत होते. रात्री नवा बर्फ पडलेला, वर लख्ख ऊन. कोपऱ्यापर्यंत सगळे नीट गेले. मग ती दोन घरांमधली जागा आली, जिथे ती पडली होती. रस्त्याचं काम चालू असल्यामुळे त्यांना थोडा वेळ सावलीच्या बाजूने जावं लागत होतं. तिथे मीठ टाकलेलं होतं, तरी ताईची पावलं लहान झाली. मी लिहायला घेतलं, आता म्हण.

लिहून व्हायच्या आत कुत्रा उन्हाच्या पट्ट्यात जाऊन थांबला. धावला नाही. चार पाय बुटांत, पाठीवर चमकणारी पट्टी, तिथे तो उभा राहिला आणि त्याने मागे वळून पाहिलं. ताई अजून सावलीतच होती. पट्टा त्यांच्यामध्ये सैल पडला होता. तो तिची वाट बघत होता.

"येते, येते," ताई त्याला म्हणाली आणि पाऊल टाकून उन्हात आली. तिने त्याला काही दिलं नाही, खिशात चपाती होती तरी. त्यानेही मागितली नाही. मग जिजूंचा आवाज आला, कुणाला तरी सांगितल्यासारखा, की आज ऑफिसला गेल्यावर त्या माणसाला नाही म्हणून सांगतो.

मला आनंद झाला असणार. मी लिहिलेला मेसेज पुसला. स्क्रीनवर कुत्रा पुन्हा चालायला लागला होता, शेपटी वर, आणि त्याने एकदा कान हलवला, काहीतरी ऐकल्यासारखा. मी माईककडे पाहिलं. तो बंद होता.